माझा उजवा हात मी कोर्टाला देते

मी, वच्छला डोमाजी साटोणे, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा पूर्वी जिनिंग फॅक्टरीत मजुरी आणि आता काही नाही, राहणार समुद्रपूर, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र आज पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने, खाटेवर बसून लिहवून घेते. डोकं ठिकाणावर आहे. ते तपासायला वकीलबाईंनी डॉक्टर आणला होता. त्याने आज वार कोणता ते विचारलं. मी सांगितला, आणि वर हेही सांगितलं की तुझ्या शर्टाची बटणं एक घर चुकून लागली आहेत. त्याने निमूट सर्टिफिकेट लिहून दिलं.

माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला फॅक्टरीचा मॅनेजर योगेंद्र परवा केळी घेऊन आला होता. मी ती केळी फणीवरून एकेक तोडून त्याच्या पाठीवर फेकून मारली, तीही डाव्या हाताने, आणि नेम बरा लागला. त्यामुळे दबाव नाही असं लिहायला हरकत नाही.

अ‍ॅडव्होकेट ज्योत्स्ना ढोबळे हे लिहून घेत आहेत. त्या म्हणतात, मृत्युपत्रात असं सगळं लिहीत नसतात. मी म्हणते, मरणार मी, तुम्ही लिहा.

१. हा कागद कशासाठी

माझ्या फुप्फुसात जन्मभराची रुई बसली आहे. दिवाळी पाहीन की नाही ते डॉक्टर सांगत नाही, म्हणजे पाहणार नाही. आमच्याच फॅक्टरीतला मजूर जंगलू तानबा कुमरे याच्या केसची तारीख मात्र दिवाळीनंतरची पडली. मालकाचा वकील दर वेळी पुढची तारीख मागतो. तो माझ्या मरणाची वाट पाहून राहिला आहे हे कोर्टातल्या चपराशालाही कळतं.

केस अशी आहे की जंगलूने जुन्या वैरातून कुऱ्हाडीने माझा हात तोडला. ते खोटं आहे. हात त्याने तोडला, पण माझा जीव वाचवायला तोडला, आणि मी सांगितलं म्हणून तोडला. हे सांगणारी मी एकटी आहे. मी मेले की तो लंबा जेलात जाईल. वकीलबाई म्हणतात, या कागदावरचं बोलणं कोर्ट पुरावा म्हणून घेईलच असं नाही. पण मृत्युपत्र वाचल्याशिवाय घर कोणाचं ते ठरत नाही. म्हणून घराच्या कागदातच मी सगळं घालते. ज्याला घर पाहिजे त्याने आधी माझं ऐकावं.

२. घर

समुद्रपूर येथील माझं विटामातीचं, वर टिनाचं घर, दोन खोल्या पुढे, एक खोली मागे, अंगणात बोअर, ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. माझे यजमान डोमाजी यांचा यात एक पैसा नाही. त्यांची कमाई दारूच्या भट्टीवर गेली आणि ते तिच्याच मागे गेले. ते मला मारत. एकदा मी उलटून मारलं, त्यांचा पुढचा दात पडला, त्यानंतर मारलं नाही. त्यांच्याबद्दल मला एवढंच लिहायचं आहे.

चतुःसीमा: पूर्वेस रस्ता, उत्तरेस नाली, दक्षिणेस मोकळी जागा, पश्चिमेस पुंडलिकराव यांचं घर. पुंडलिकरावांनी हद्दीची भिंत हातभर माझ्याकडे सरकवली होती. ती मी सब्बलीने, म्हणजे लोखंडी पहारीने, पाडली. त्यांनी पुन्हा बांधली, मी पुन्हा पाडली. आता जिथे भिंत आहे तीच खरी हद्द. माझ्या माघारी ती हलली तर सब्बल कुठे ठेवली आहे ते जंगलूने माझ्याबरोबर फॅक्टरीत असलेल्या प्रमिलाबाईला विचारावं.

पुढच्या दोन खोल्या, अंगण आणि बोअर मी जंगलू तानबा कुमरे आणि त्याची बायको रामबाई या दोघांना देते. फॅक्टरीच्या आवारातली त्यांची खोली मालकाने केस लागल्याच्या आठवड्यातच जेसीबी लावून पाडली. रामबाई भांडी काढू द्या म्हणत होती, तर तिच्यासमोर भांड्यांवरून चाक नेलं. सध्या ती दोघं हायवेवरच्या जाम गावच्या चौकात ताडपत्रीखाली राहतात आणि ट्रकांचे टायर खोलतात.

३. घडलं ते

ज्यांनी जिनिंग पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. कापूस जिनात घातला की रुई एकीकडे निघते आणि सरकी खाली पडते. खाली लांब लोखंडी पन्हाळ असते. तिच्यात एक जाडजूड पिळा आडवा फिरत असतो, त्याला आम्ही स्क्रू म्हणतो. तो सरकी ढकलत ढकलत बाहेरच्या ढिगावर नेतो. पन्हाळीवर झाकण पाहिजे. सीझनमध्ये सरकी तुंबते, म्हणून मॅनेजरने झाकणं काढून ठेवली होती आणि बायांना सांगितलं होतं, तुंबली की हाताने रेटत जा. बाजूला लाल बटण होतं, ते दाबलं की मशीन थांबते. कोणीतरी सारखं दाबतं आणि माल खोळंबतो म्हणून ते बटण तारेने बांधून टाकलं होतं. मेन स्विच पॅनलच्या खोलीत. खोलीला कुलूप, चावी मॅनेजरच्या खिशात, आणि मॅनेजर जेवायला गेलेला.

मी सरकी रेटत होते. आम्ही बाया साडीवर जुना शर्ट घालतो, त्या शर्टाची बाही स्क्रूने धरली. आधी बोटं गेली. मग मनगट. दुखलं असं म्हणता येणार नाही, कारण दुखायला वेळच मिळाला नाही. कड् कड् असा आवाज येत होता आणि तो माझ्याच आतून येत होता. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा शर्टाची कॉलर गळ्याला फास बसल्यासारखी आवळली आणि माझं तोंड पन्हाळीच्या काठावर आपटलं. हनुवटी फुटली. खांदा आत गेला असता की पाठोपाठ डोकं.

जंगलू पलीकडे प्रेसवर रुईच्या गठाणी बांधत होता. तो धावत आला. आधी त्याने लाल बटण दाबून पाहिलं, मग ती तार दातांनी तोडून पाहिली. मग माझ्या कमरेला मिठी मारून मागे ओढलं. मशीन त्याच्यापेक्षा जोरात ओढत होती. प्रमिलाबाई पॅनलच्या खोलीकडे पळाली. बाकी सगळे उभे होते. मी त्यांना नावं ठेवत नाही. ठेवते. उभे होते मेले.

भिंतीवर वाळूच्या बादल्यांपाशी लाल रंगाची कुऱ्हाड लटकवलेली असते. आग लागली तरच काढायची, तीही साहेबांच्या हुकुमाने. एरवी कामावर लोखंडावर लोखंड आपटायला सक्त मनाई, कारण एक ठिणगी पडली तर रुई क्षणात पेटते. जंगलूने ती कुऱ्हाड काढली. काढली आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

मी म्हटलं, "तोड!"

तो नुसता पाहत होता.

"काऊन पाहून राह्यला बे? तोड म्हटलं ना!"

"मावशी, मरशीन ना वं."

"अशीबी मरूनच राह्यली. हाण!"

त्याने प्रेसजवळची लाकडी फळी ओढून माझ्या दंडाखाली सरकवली, कुऱ्हाड लोखंडावर बसून ठिणगी उडू नये म्हणून. बाकीचे सगळे नियम मोडले, पण हा पाळला. मग मारलं. पहिला घाव हाडात अडकला. ओल्या लाकडाच्या फाट्यात कुऱ्हाड फसते तसा आवाज झाला. त्याने पाय माझ्या खांद्यावर देऊन कुऱ्हाड उपसली. माझं रक्त त्याच्या डोळ्यांत गेलं, त्याला दिसेना, तरी त्याने दुसरा घाव तिथंच बसवला. मी सुटले आणि उताणी पडले.

आता मी पडल्या पडल्या जे पाहिलं ते कोर्टाने कान देऊन ऐकावं. माझा हात पन्हाळीतून पुढे चालला होता. माझ्याशिवाय. बांगड्यांचे तुकडे अजून त्यावर होते. एकदा तळवा वर येई, एकदा खाली जाई, आणि तो सरकीबरोबर ढिगाकडे गेला. मॅनेजर म्हणतो, मशीन तेव्हा बंद होती. बंद मशीनमधून हात कसा चालत जातो, ते त्याने कोर्टात करून दाखवावं.

नंतर प्रमिलाबाईने काट्याचं लोखंडी वजन मारून पॅनलच्या खोलीचं कुलूप फोडलं आणि मेन पाडला. सगळ्या फॅक्टरीत एकदम सामसूम. तेव्हा मला कळलं की ओरडत मीच होते.

४. त्यानंतरचं

जंगलूने प्रेसमधली स्वच्छ रुई मूठमूठ काढून माझ्या दंडात कोंबली आणि वरून आपला खांद्यावरचा दुपट्टा पिळून बांधला. ती एक नंबरची रुई होती, परदेशी जाणारी. केसमध्ये तीही लावली आहे, मालकाचा माल चोरला म्हणून. मग मला उचलून ट्रॉलीत टाकलं, प्रमिलाबाई सोबत चढली. ट्रॅक्टर मालकाचा. गेटवाला म्हणाला, गेटपासशिवाय गाडी सोडायचा हुकूम नाही. जंगलू म्हणाला, "हट बे!" तो हटला नाही, पण गेट हटलं. ट्रॅक्टरने फाटक पाडलं आणि गेटवाल्याच्या पायावरून फाटक गेलं. त्याचा पाय मोडला याचं मला वाईट वाटतं. थोडंसं.

गावच्या दवाखान्यात नर्सने विचारलं, हात कुठं आहे? प्रमिलाबाई माझ्यापाशी थांबली आणि जंगलू हात आणायला परत फॅक्टरीत गेला. तिथं तोवर मॅनेजर जेवून आला होता आणि मालकाची माणसंही आली होती. जंगलू सरकीच्या ढिगात कंबरेइतका घुसून हात शोधत होता. सापडला तसा त्याने तो बनियनमध्ये गुंडाळून पोटाशी धरला. तेवढ्यात त्याला धरलं. गठाणी बांधायच्या लोखंडी पट्ट्या असतात, धारेच्या. त्या पट्ट्यांनी त्याला मारलं. पाठीची सालटं निघाली. डाव्या कानाची पाळी निम्मी गेली, ती आजही कोणी येऊन पाहावी. योगेंद्रने त्याच्या बोटांवर बूट ठेवून जोर दिला, आणि म्हणत होता, "ठेव ते खाली. ते कंपनीच्या आवारातलं आहे." जंगलूने पोटाशी धरलेलं सोडलं नाही. तो मेला असं समजून त्यांनी त्याला फाटकाबाहेर ओढून टाकलं.

तो तसाच सरपटत, मग एका दूधवाल्याच्या गाडीवर दवाखान्यात आला, तर मला पुढच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं होतं. हात कोणी पाहिलाच नाही. आता तो काय करणार? त्यांच्या घरची रीत अशी की माणसाचं अंग उघड्यावर टाकायचं नाही, तुकडा असला तरी. त्याने माझा हात धुतला, हळद लावली, आणि आपल्या गावच्या शिवारात जिथे त्याची माय पुरली आहे तिच्या शेजारी पुरला. मयताला करतात तेवढं सगळं केलं. माझ्या सख्ख्या माणसाने केलं नसतं इतकं केलं, आणि तेच त्याला नडलं.

कारण पोलिसांनी विचारलं, हात कुठं पुरला ते दाखव. तो म्हणाला, पुरलेलं माणूस आमच्यात उकरत नाही. कोठडीत त्याला तळपायांवर मारलं, तरी तो तेच म्हणाला. मग पुरावा नष्ट केल्याचं कलम वाढलं. हात असता तर दिसलं असतं की बोटांपासून कोपरापर्यंत हाडांचा चुरा आहे आणि तो कुऱ्हाडीने होत नाही. डॉक्टरच्या कागदावर मात्र एवढंच आहे की दंडावर धारदार हत्याराचा घाव. अशा रीतीने मशीन सुटली आणि माणूस अडकला.

मालकाला हेच पाहिजे होतं. मशीनने हात नेला म्हटलं की उघडी पन्हाळ आली, बांधलेलं बटण आलं, इन्स्पेक्टर आला. जंगलूने तोडला म्हटलं की फॅक्टरी कोरी. मला नुकसानभरपाई नाही, कारण हा अपघातच नाही. जंगलूला जेल. प्रमिलाबाईला कामावरून काढलं, कुलूप फोडलं आणि गठाणी अर्धवट राहिल्या म्हणून. फाटकाचा खर्चही तिच्याच राहिलेल्या मजुरीतून कापला. उभे राहिले त्यांना मात्र त्या सीझनला बोनस भेटला.

आमचं वैर होतं म्हणतात, ते खरं आहे. जंगलू तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन सरकीत थुंकायचा. मी त्याला एकदा सगळ्यांसमोर झाडूने झोडपलं होतं आणि त्याच्या बापाचा उद्धार केला होता. तो मला महिनाभर मावशी म्हणाला नाही. एवढ्यावरून कोणी कोणाचा हात तोडत असेल तर समुद्रपुरात एकही माणूस धड दिसला नसता.

५. किरकोळ मिळकत

बँकेतली बचत माझी नात सुरभी निकेश साटोणे हिला. तिने पुढे शिकावं. लग्नात उडवायला ते पैसे नाहीत, कोणी मागितले तर तिने तोंडावर नाही म्हणावं, आजीने शिकवलं आहे.

शिलाई मशीन रामबाईला. विळे दोन, एक जंगलूला, दुसरा बोथट आहे तो पुंडलिकरावांना.

माझी सोन्याची नथ मला प्रमिला रामराव भोयर हिला द्यायची होती. वकीलबाई म्हणाल्या, ती साक्षीदार म्हणून सही करणार असेल तर तिला काही देता येत नाही, कायद्याने ते देणं बाद होतं. मी प्रमिलाला म्हटलं, "नथ घे, सही दुसरं कोणी करीन."

ती म्हणाली, "दुसरं कोण करते वं? आन् नथ घालून मले कोण पाह्यते? आण तो कागद."

म्हणून नथ सुरभीला. प्रमिलाला काही नाही. तिच्याकडे पाहून मला रडू येतं, हेही लिहा.

६. माझा मुलगा निकेश

मागची खोली मी माझा मुलगा निकेश डोमाजी साटोणे याला देते. वकीलबाईंनी दोनदा विचारलं, खरंच? होय, खरंच. मी त्याला नऊ महिने पोटात वाढवलं आहे, त्याला रस्त्यावर काढवत नाही. पण कशासाठी काढायला पाहिजे होतं, तेही इथे राहू द्या.

मी शुद्धीवर आले तेव्हा निकेश माझ्या उशाशी होता. माझं पहिलं बोलणं हे होतं: "मीच तोड म्हटलं. जंगलूले काई होऊ नको देजो." त्याने मान हलवली. संध्याकाळी तो ठाण्यात गेला आणि जंगलूच्या नावाने फिर्याद दिली, जुनं वैर, कुऱ्हाड, सगळं. पुढच्या सीझनला त्याला त्याच फॅक्टरीत वजनकाट्यावर पक्की नोकरी लागली. पंख्याखाली खुर्ची. शेतकऱ्यांच्या गाड्या तो मोजतो.

मला कळलं तेव्हा मी सलाईनचा खांब उचलून त्याच्या डोक्यात घातला. डावा हात तेव्हा नवा होता, नीट बसला नाही, टाका एकच पडला. नंतर मी ठाण्यात जाऊन माझा जबाब घ्या म्हटलं, तर म्हणाले, फिर्याद आहे ना, पेशंटचं डोकं गरम असते. निकेश आजही म्हणतो, माय तापात बरळत होती, काहीच समजलं नाही. तीन वर्षं तो हेच म्हणत आला आहे. त्याच्या तोंडावर थुंकावं वाटतं आणि त्याच्या ताटात भाकर वाढावी वाटते, दोन्ही एकाच वेळी, आणि यातलं कोणतं खरं ते मला मरेपर्यंत समजणार नाही.

७. माझा उजवा हात

माझ्या स्थावर-जंगम मिळकतीत माझा स्वतःचा उजवा हात येतो की नाही, यावर वकीलबाई अडल्या. मी म्हटलं, जन्मापासून माझ्या ताब्यात होता, त्याच्यावर कोणाचं कर्ज नाही, मी कोणाला विकला नाही. माझाच आहे.

या हाताने मी कापूस वेचला, सरकी रेटली, डोमाजीचा दात पाडला, निकेशला न्हाऊ घातलं. मंगळसूत्र याच हाताने तोडलं. कामाचा हात होता. बसून खाल्लं नाही त्याने कधी.

तो गिरडकडे जाताना जंगलूच्या गावच्या शिवारात, नाल्याच्या वरच्या अंगाला, जंगलूच्या मायच्या समाधीच्या दगडाला लागून पुरला आहे. जंगलू जामिनावर सुटला तेव्हा मी हट्ट करून जागा पाहायला गेले होते. तिथे मी बसले आणि माझ्याच हाताला उदबत्ती लावली. असं कोणत्या बाईच्या नशिबी आलं असेल? त्याने माझ्याकडून वचन घेतलं की जागा कोणाला सांगायची नाही. ते वचन मी इथे मोडते. जंगलूने मला शिव्या द्याव्यात. झाडूने मारलं होतं त्याचा बदला समजावा.

तो हात मी कोर्टाला देते. ज्योत्स्नाबाईंनी परवानगी काढून, पंचांसमोर, डॉक्टरसमोर तो खणून काढावा. हाडं मोजावीत. कोपराच्या खाली एकही हाड साबूत नाही हे मॅनेजर योगेंद्रला जवळ उभं करून दाखवावं. तो तोंड फिरवेल, तर त्याची मान धरून फिरवावी. काम झालं की हात जंगलूकडे द्यावा. पुन्हा कसा पुरायचा ते त्याला माहीत आहे, आणि एकदा उकरल्याचं जे काही प्रायश्चित्त त्यांच्यात असेल ते माझ्या नावावर घालावं.

८. शेवटचं

माझ्या मयतीला फॅक्टरीचं कोणी आलं तर येऊ द्यावं. हार आणला तर घ्यावा आणि बकरीला घालावा. मॅनेजर बोलायला उभा राहिला तर त्याला बसवायचा अधिकार मी प्रमिलाबाईला देते. कसं बसवायचं ते तिच्यावर सोडते.

९. साक्षीदार

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, एकाने भागत नाही. प्रमिलाबाई आहे. दुसऱ्या सहीसाठी मी गल्ली पालथी घातली. पुंडलिकराव म्हणाले, "माझा कापूस तिथंच जाते, बाई, मले यात नोको गोवू." ज्याच्या पोराच्या लग्नात मी पंगत उठेपर्यंत वाढलं, तो म्हणाला, चष्मा सापडत नाही. चष्मा त्याच्या कपाळावर होता. डॉक्टर सर्टिफिकेट देऊन गेला तो गेलाच, फोन उचलत नाही. मालकाचं नाव घेतलं की माणसांचे हात खिशात जातात.

आज सकाळपासून निकेश उंबऱ्यावर बसला आहे. वकीलबाईंनी हा सगळा कागद मला मोठ्याने वाचून दाखवला, तो त्यानेही ऐकला. सलाईनच्या खांबाचं आलं तेव्हा त्याने डोक्याला हात लावला. हाताच्या कलमाला तो उठून नालीपाशी जाऊन ओकला आणि परत येऊन बसला.

मी त्याला म्हटलं, "निकेश, एक ओळ मोकळी आहे. सही केली तर मागची खोली तुही नाई, तुह्या बायकोचीबी नाई, कायदाच तसा आहे. काट्यावरची खुर्ची उद्या जाईन. आन् नाई केली तर हा कागद रद्दी. मी मेली का पूर्ण घर आपसूक तुह्यं होते, आन् जंगलू जेलात. मंधातली वाट मी ठेवली नाई."

माझं बोलून झालं होतं. मग त्याने वकीलबाईंना विचारलं, "साक्षीदाराले सहीसंगं अजून काई लिहिता येते का?"

बाई म्हणाल्या, येतं.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवलं, ते माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. अंमलबजावणी अ‍ॅडव्होकेट ज्योत्स्ना ढोबळे यांनी करावी. सही डाव्या हाताची आहे, वाकडी आहे, माझीच आहे.

ठिकाण: समुद्रपूर, जिल्हा वर्धा
दिनांक: २१ जून २०२५

(सही) वच्छला डोमाजी साटोणे
मृत्युपत्र करून देणार

आम्ही खाली सही करणारे, वच्छलाबाईंनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार पहिला:
(सही) प्रमिला रामराव भोयर, राहणार समुद्रपूर
पूर्वी त्याच फॅक्टरीत मजूर. कुलूप मीच फोडलं. अजून फोडीन.

साक्षीदार दुसरा:
(सही) निकेश डोमाजी साटोणे, राहणार समुद्रपूर
मृत्युपत्र करणारीचा मुलगा. माय दवाखान्यात बरळत नव्हती. "मीच तोड म्हटलं" असं तिनं सांगितलं ते मी साफ ऐकलं होतं. ऐकूनच मी ठाण्यात गेलो.